गवसणी : छात्रसेनेच्या रायफलीचे धूळ आणि दमटपणापासून रक्षण

गुणगौरव समारंभात ‘गगनाला गवसणी घाला’ हा आशीर्वाद दरवर्षी एकदा तरी कानी पडतो. विद्यार्थी टाळ्या वाजवतात. परंतु गवसणी म्हणजे नेमके काय, असे वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात. गवसणी म्हणजे वस्तूच्या आकाराबरहुकूम शिवलेली कापडी खोळ. वीणेला गवसणी असते, तंबोऱ्याला असते, पूर्वी शस्त्रांनाही असे. एवढ्या विशाल आकाशाला मापाची खोळ शिवणे अशक्य, म्हणून अशक्यप्राय पराक्रमाला आपल्या भाषेने हा वाक्प्रचार दिला. वाक्प्रचार राहिला आणि मूळची साधी वस्तू विस्मरणात गेली. प्रस्तुत लेखात त्या साध्या वस्तूचाच विचार करावयाचा आहे. राष्ट्रीय छात्रसेनेत, म्हणजे आपल्या बोलीतल्या एनसीसीत, विद्यार्थ्यांच्या हाती येणाऱ्या पॉइंट टू टू रायफलीसाठी घरच्या घरी गवसणी कशी शिवावी, ती का शिवावी आणि ती शिवताना आपण काय शिकतो, हा या लेखाचा विषय आहे.

विषय लहान आहे. तथापि छात्रसेनेचा सहयोगी अधिकारी म्हणून काम करताना माझ्या ध्यानी आले की, या हातभर कापडात विज्ञान आहे, शिवणकाम आहे, इतिहास आहे आणि नागरिकत्वाचा एक महत्त्वाचा धडाही आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी या रायफलीने नेम धरला असेल. पालकांपैकी बहुतेकांनी ती केवळ संचलनात पाहिली असेल. दोघांनाही समजेल अशा रीतीने हा पाठ मांडण्याचा प्रयत्न करतो.

भोर-वेल्ह्याची हवा

कोणत्याही आवरणाचा विचार करण्यापूर्वी ते कशापासून रक्षण करणार आहे, हे ठरवावे लागते. आपल्या भागात शत्रू दोन आहेत आणि ते पाळीपाळीने येतात.

पहिला शत्रू धूळ. दिवाळीनंतर माळ सुकू लागतात. फाल्गुन-चैत्रात वाटेवरच्या मुरुमाचा भुगा होतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर तो घरादारांत शिरतो. त्यातच भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याचे दिवस येतात. शेणी, पालापाचोळा आणि कवळ यांची हलकी राख वाऱ्यावर तरंगत दूरवर जाते. मुरुमाचा कण कठीण असतो, तो घासतो. राखेचा कण मऊ असतो, परंतु तो ओल धरतो. लोखंडाला दोन्ही सारखेच घातक.

दुसरा शत्रू दमट हवा. मृगापासून पुढचे तीन-चार महिने तोरणा आणि राजगड ढगांत बुडालेले असतात. वसतिगृहात दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, दाराच्या कड्या-कोयंड्यांवर तांबूस पूड दिसू लागते. अशा हवेत पोलादावर नुसते बोट टेकले तरी घामातील क्षारांमुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या बोटाचा ठसा गंजाने उमटू शकतो.

या दोन शत्रूंच्या मागण्या परस्परविरुद्ध आहेत. धूळ रोखायची तर वस्तू घट्ट झाकली पाहिजे. दमटपणा टाळायचा तर तिला हवा लागली पाहिजे. गवसणीची सारी विद्या या दोन मागण्यांचा मेळ घालण्यात आहे. आपल्या आजी-पणजींनी भातलावणीत पाठीवर घेतलेले इरले आठवा. वरून पाण्याला वाट नाही, खालून वाऱ्याला अडथळा नाही. चांगली गवसणी त्या इरल्याच्या जातीची असते.

रिमफायर म्हणजे काय

आता ज्या वस्तूचे रक्षण करायचे, तिची रचना पाहू. या रायफलीची नळी आतून सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाची असते. इंचाच्या मापात ती शंभरात बावीस भाग भरते, म्हणून ‘पॉइंट टू टू’ हे नाव. तिच्या काडतुसाला रिमफायर म्हणतात. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते आणि आघातपिन त्या मध्यावर आदळते. रिमफायर काडतुसाला अशी वेगळी टोपी नसते. त्याच्या बुडाभोवती जी बाहेर आलेली कड असते, तिच्याच पोकळीत स्फोटक मिश्रण पसरलेले असते. पिन त्या कडेवर आदळते, कड चेपते, मिश्रण पेटते आणि गोळी सुटते.

या रचनेतून धुळीचे तीन धोके निर्माण होतात. पहिला असा की, कड बोल्टच्या आणि नळीच्या तोंडामध्ये नीट, सपाट बसली तरच पिनेचा पूर्ण आघात तिला मिळतो. मध्ये कचरा साचला तर आघाताचा जोर वाया जातो, चाप ओढला तरी गोळी सुटत नाही. अशा वेळी नवखा छात्र गोंधळतो आणि रायफल वळवून पाहू लागतो. अपघाताची खरी शक्यता तेथे असते. म्हणूनच शिकवण अशी की, नळी लक्ष्याकडेच ठेवावी, बोल्टला हात लावू नये, जागेवरून हलू नये आणि शिक्षक येईपर्यंत थांबावे.

दुसरा धोका गोळीचा. ही गोळी साधारणतः मऊ शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारखा स्निग्ध लेप असतो. गोळी धुळीत पडली की तो लेप कण पकडून ठेवतो. तशीच गोळी भरली तर ते कण नळीच्या आतील पेचदार खाचांवरून घासत जातात. म्हणून पडलेले काडतूस पुसून पुन्हा भरावयाचे नसते, ते शिक्षकाच्या हाती द्यावयाचे असते.

तिसरा धोका तेलाचा. गंज टाळण्यासाठी तेल लावतात, परंतु तेलावर धूळ बसली की दोहोंचा मिळून घासणारा लगदा तयार होतो. रायफलीला तेलाचा पुसट हात पुरतो. तेल ओघळू लागले की ते धुळीला बोलावणे ठरते. झाकण नसलेल्या रायफलीला जास्त तेल लावणे हा उपाय नसून नवा रोग आहे.

इतक्या लहान गोष्टींनी काय बिघडते, असे कोणास वाटेल. त्यांनी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांची आठवण करावी. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळविले, ते याच जातीच्या काडतुसावर. त्याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, त्याही याच काडतुसावर. या स्पर्धांत ५० मीटर अंतरावरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. आपल्या शर्टाच्या गुंडीएवढे! तेवढ्या अचूकतेला जपायचे तर धुळीच्या कणाला किरकोळ म्हणता येत नाही.

जुने दाखले

शस्त्र आणि दप्तर हवेपासून कसे जपावे, हा प्रश्न या डोंगरांना नवा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूगोळ्याच्या व्यवस्थेविषयी बारकाईने सूचना आहेत. दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा, दारूला ओल लागू नये, ठरावीक दिवसांनी ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा बंदोबस्ताने ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. राजगडासारख्या पावसाळी गडावर साठवलेली दारू ओली झाली तर तट कितीही मजबूत असून उपयोग काय? नुसते झाकून ठेवणे पुरेसे नसते, वेळोवेळी उघडून ऊन दाखवावे लागते, हे त्या कारभाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरा दाखला इतिहासाच्या विद्यार्थ्याला जवळचा आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद ‘रुमालां’त बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी सुती कापड. ते धूळ अडवते, उजेड अडवते, मात्र कागदाला गुदमरवत नाही. म्यानमारच्या विहारांतही ताडपत्रावरील त्रिपिटकाच्या पोथ्या कापडात गुंडाळून विणलेल्या फितीने बांधण्याची परंपरा आहे. लोखंड असो, कागद असो वा ताडपत्र, अनुभवी हातांनी सुती कापडच निवडले.

तिसरा दाखला रायफलीचाच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश सैन्यात आलेल्या ली-मेटफर्ड रायफलीच्या बोल्टवर धूळ रोखणारे पोलादी झाकण होते. पुढे आखूड ली-एनफील्ड आली, तिच्यावर ते राहिले नाही. पहिल्या महायुद्धात खंदकांतील चिखलाने रायफली अडू लागल्या, तेव्हा शिपायांना बोल्टभोवती बसणारी, बटणांची कॅनव्हासची आवरणे देण्यात आली. कारखान्याने काढून टाकलेले झाकण शेवटी शिंप्याला शिवावे लागले! जपानी सैन्याच्या १९०५ सालच्या अरिसाका रायफलीला बोल्टबरोबर मागेपुढे सरकणारे पत्र्याचे झाकण होते, परंतु ते खडखडते म्हणून अनेक शिपाई ते काढून टाकीत. त्यातून एक व्यवहारी धडा मिळतो. जे आवरण वापरणाऱ्याला त्रास देते, ते कितीही उपयुक्त असले तरी टिकत नाही. गवसणी एका हाताने घालता आणि काढता आली पाहिजे.

हे शस्त्र कोणाच्या हाती

येथे इतिहासाच्या शिक्षकाला थोडे थांबणे भाग आहे. आज वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतील मुलगी छात्रसेनेचा गणवेश घालून सरकारी रायफल हाती घेते, ही गोष्ट आपणास स्वाभाविक वाटते. ती तशी नेहमी नव्हती. मुंबई लष्करात महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे त्या सैन्यात सुभेदार होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ही भरती बंद झाली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती अशी वर्गवारी करण्यात आली आणि ज्यांच्या बापजाद्यांची नावे पलटणींच्या पटावर होती, ते एका लेखणीच्या फटकाऱ्याने अपात्र ठरले.

याविरुद्धचा एक महत्त्वाचा आवाज आपल्या शेजारच्याच मुलखातून उठला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला महारांची सभा भरविली आणि पुढे १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज करून लष्कर व पोलीस खात्यांची दारे पुन्हा उघडण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धाची गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली आणि पुढच्याच वर्षी तिच्यात मुलींचा विभाग सुरू झाला. जात न विचारता शाळकरी मुलांच्या हाती शिक्षणासाठी शस्त्र देणारी व्यवस्था आपल्या देशात तेव्हापासूनची आहे.

म्हणून गंजलेल्या रायफलीकडे मी केवळ निष्काळजीपणा म्हणून पाहू शकत नाही. जो विश्वास मिळविण्यासाठी आपल्या पूर्वजांना अर्जांवर अर्ज करावे लागले, तो विश्वास त्या पोलादाच्या रूपाने आपल्या हाती आलेला आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण रायफल स्वच्छ ठेवतो म्हणून आपण पात्र ठरतो, असे नाही. हक्क हा स्वच्छतेच्या परीक्षेवर अवलंबून नसतो, तो नागरिक म्हणून आपला आहेच. परंतु सार्वजनिक वस्तूची जोपासना हे त्या हक्काबरोबर येणारे कर्तव्य आहे, आणि आज आपण वापरलेली रायफल उद्या दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलाच्या गालाशी टेकणार आहे.

कापडाची निवड

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. गवसणीसाठी जाड, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. जुन्या खाकी विजारीचे ड्रिल कापड सर्वांत उत्तम. ते अनेकदा धुतलेले असल्याने मऊ झालेले असते आणि फुकट मिळते. नवे कापड घेतल्यास ते गरम पाण्यात दोनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढावी. खळ ओल धरते आणि तिच्यामुळे कसर लागते. आतील अस्तरासाठी जुन्या धोतराचा किंवा सुती लुगड्याचा तुकडा घ्यावा.

काय घेऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. प्लास्टिक आणि रेक्झीन ओल आत कोंडतात. स्पंज ती शोषून धरतो. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये पोलादाला गंज आणू शकतात. घोंगडीची लोकर दमट हवेत ओली राहते आणि तिचे केस सुटतात. गोणपाटाचे तंतू निघून बोल्टमध्ये अडकतात. धातूची चेन किंवा हूक कधीही लावू नये, कारण लाकडी दस्त्यावर त्याचे ओरखडे उठतात.

झापड : गोळीबाराच्या जागी वापरावयाची गवसणी

शिबिरात गोळीबाराच्या जागी रायफल जमिनीवरील ताडपत्रीवर बोल्ट मागे ओढून, मॅगझिन काढून ठेवलेली असते. सुरक्षिततेसाठी ती उघडीच ठेवावी लागते आणि धूळ नेमकी त्या उघड्या जागेत शिरते. त्यासाठी न बांधता नुसते वरून टाकावयाचे झापड शिवावे.

माप घेण्याची रीत सोपी आहे. बोल्ट पूर्ण मागे ओढावा. उघड्या भागाच्या पुढे चार बोटे आणि बोल्टच्या मागच्या टोकाच्या मागे चार बोटे, एवढी लांबी सुतळीने मोजावी. नंतर लाकडी दस्त्याच्या एका बाजूच्या खालच्या कडेपासून वरून घेऊन दुसऱ्या बाजूच्या खालच्या कडेपर्यंत रुंदी मोजावी. साधारण ३५ सेंटिमीटर लांब आणि २५ सेंटिमीटर रुंद तुकडा पुरतो, परंतु आपल्या रायफलीचे माप तेच खरे. आधी वर्तमानपत्राचा नमुना कापून तो रायफलीवर ठेवून पाहावा, मगच कापडाला कात्री लावावी. चारी बाजूंना शिवणीसाठी दोन सेंटिमीटर कापड जास्त सोडावे.

बोल्ट मागे असताना त्याची मूठ उजवीकडे जेथे येते, तेथे कागदी नमुन्यावर खूण करून मूठ बाहेर राहील एवढी खाच कापावी. ही खाच या गवसणीचा आत्मा आहे. झापड नीट बसले आणि मूठ खाचेतून बाहेर दिसली, तर बोल्ट मागे आहे हे दुरूनही कळते. बोल्ट पुढे असेल तर मूठ खाचेत येत नाही, झापड वाकडे बसते आणि पाहणाऱ्याला तत्काळ शंका येते. धूळ झाकावी, परंतु शस्त्राची स्थिती झाकू नये, हे तत्त्व आहे. अर्थात खाच ही केवळ खूण आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री प्रत्यक्ष पाहूनच करावयाची असते.

आता अस्तर आणि वरचे कापड सुलट बाजू आत करून एकमेकांवर ठेवावे आणि खाचेसह तीन बाजू शिवाव्यात. खाचेच्या कोपऱ्यांत शिवणीपर्यंत लहान काप द्यावेत, म्हणजे उलटल्यावर चुण्या पडत नाहीत. उलटून इस्त्री करावी, चौथी बाजू आत दुमडून बंद करावी आणि कडेने पुन्हा एक टीप घालावी. एकही दशी मोकळी राहता कामा नये, कारण सुटा धागा बोल्टमध्ये गुंतू शकतो.

वाऱ्याने झापड उडू नये म्हणून दोन्ही लांब कडांना बोटभर रुंद पट्टी शिवून नळीसारखी पोकळी करावी. खाच आहे त्या बाजूला ती खाचेच्या दोहों अंगांनी करावी. तीत वजनासाठी चिंचोके भरावेत. लोखंडी वायसर भरल्यास ते दस्त्यावर आपटून लाकडाला खोचा पाडतात. चिंचोके गुळगुळीत असतात आणि आपल्याकडे त्यांची वाण नाही. प्रत्येक बाजूला वीस-पंचवीस पुरतात. भरण्यापूर्वी ते उन्हात वाळवावेत. शेवटी मागच्या टोकाला वीतभर लाल फीत शिवावी, म्हणजे झापड रायफलीवर असल्याचे विसरले जाणार नाही.

लांब गवसणी : ठेवण्यासाठी

संपूर्ण रायफलीची गवसणी पिशवीसारखी असते. रायफल कागदावर आडवी ठेवून सर्व बाजूंनी तीन बोटे सोडून बाह्याकृती काढावी. त्या आकाराचे वरच्या कापडाचे आणि अस्तराचे प्रत्येकी दोन तुकडे कापावेत. तोंड दस्त्याच्या बाजूला ठेवावे आणि तेथे नाडी ओवावी. नळीचे टोक येते तेथे आतून दुहेरी तिहेरी ठिगळ लावावे, कारण पुढच्या माशीच्या कडेने कापड तेथेच प्रथम फाटते. त्या टोकाशी काजासारखी दोन लहान छिद्रे ठेवून ती दोऱ्याने बांधून घ्यावीत, म्हणजे आतली दमट हवा बाहेर पडते. शिवण कडा आत लपविणारी दुहेरी घालावी.

रायफलीला कोठेही भोक पाडणे, कानस लावणे किंवा काही चिकटविणे पूर्णतः वर्ज्य आहे. छात्रसेनेची रायफल सरकारी मालमत्ता आहे, तिची दुरुस्ती हे आर्मररचे काम. गवसणीदेखील संबंधित अधिकाऱ्यांच्या अनुमतीनेच वापरावी. तसेच कापडी गवसणी कुलुपाची जागा घेऊ शकत नाही. शस्त्र कोतमध्ये, नोंद करून, कुलपातच राहिले पाहिजे.

वापराचे नियम

प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री, ती दोघांनी, एकाने डोळ्यांनी आणि दुसऱ्याने पुन्हा पाहून. नंतर पुलथ्रूने चिंधी ओढून नळीची सफाई, कोरड्या कापडाने पुसणे, तेलाचा पुसट हात, आणि सर्वांत शेवटी गवसणी. हा क्रम उलटा झाला तर गवसणी घाण झाकण्याचे साधन होते.

नळीच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून तेथे चिंधीचा बोळा कोंबण्याची काहींना सवय असते. ही सवय प्राणघातक आहे. बोळा विसरून गोळी झाडली तर नळी फुटू शकते. शिवाय बोळा आत ओल धरतो. नळीचे तोंड झाकावे, कधीही बुजवू नये.

पावसाळ्यात दर आठवड्याला गवसणी काढून रायफल तपासावी आणि गवसणी वाळवावी. ऊन नसेल तर स्वयंपाकघरातील चुलीजवळची ऊब कामी येते, मात्र कापडाला धूर लागू देऊ नये. भिजलेली गवसणी रायफलीवर क्षणभरही ठेवू नये. ओली गवसणी असण्यापेक्षा ती नसलेली बरी. महिन्यातून एकदा ती साबणाने धुवावी, कारण तेल आणि धूळ प्यालेले कापड स्वतःच घासू लागते. धुताना चिंचोके काढून घ्यावेत, त्यासाठी पट्टीचे एक टोक कच्च्या टाक्याने बंद केलेले असावे.

एका मातेचा प्रश्न

एका पालकसभेत एका मातेने विचारले, “गुरुजी, सकाळी लेकरं पंचशील म्हणतात आणि दुपारी तुम्ही त्यांना बंदुकीची खोळ शिवायला लावता. हे कसं?” प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर टाळणे योग्य नाही.

प्राणिहत्येपासून अलिप्त राहणे हे पहिले शील आहे. उपासकाने जे पाच व्यापार करू नयेत असे पालि साहित्यात सांगितले आहे, त्यांत शस्त्रांचा व्यापारही आहे. दुसरीकडे, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची आवश्यकता यांत भेद केला आहे, आणि अहिंसा हे विचारपूर्वक आचरावयाचे तत्त्व आहे असे मांडले आहे. म्हणून त्या माउलीला मी म्हणालो, “बाई, शस्त्र हाती येणारच नाही असं आपण मानलं, तर मुलांना त्याचं भयही कळणार नाही आणि मोहही सुटणार नाही. जो रायफल रिकामी आहे की नाही हे दोनदा पाहतो, तिच्यावरची धूळ पुसतो, तिला झाकून नोंद करून परत देतो, त्याच्या मनात तिची मिजास उरत नाही.” त्या म्हणाल्या, “मग हे सगळं तिच्या भावालाही शिकवा. तो टीव्हीतली बंदूक बघून नाचतो.” त्यांच्या या बोलण्यात माझ्या उत्तरापेक्षा अधिक शहाणपण होते.

चित्रपटातील शस्त्र नेहमी चालताना दिसते, त्याची निगा राखताना कोणी दिसत नाही. छात्रसेनेत अनुभव उलटा येतो. गोळ्या झाडावयास मिळतात त्या मोजक्या, काही क्षणांच्या. बाकीचा वेळ शिस्तीचा, तपासणीचा, सफाईचा आणि मोजदादीचा. धम्मात ज्याला अप्रमाद म्हणतात, म्हणजे सतत सावध असणे, त्याचा हा शाळकरी अभ्यास होय.

समारोप

गवसणी शिवणारी मुले पुढे सगळी सैन्यात जातील असे नाही. कोणी शेती करील, कोणी परिचारिका होईल, कोणी तहसील कचेरीत बसेल. परंतु प्रत्येकाच्या हाती केव्हा ना केव्हा समाजाची एखादी वस्तू येणार आहे. ती ग्रामपंचायतीचे दप्तर असेल, दवाखान्यातील सूक्ष्मदर्शक असेल, वाचनालयाचे पुस्तक असेल किंवा विहाराच्या बांधकामाचा निधी असेल. त्या प्रत्येक वस्तूचे धूळ आणि ओल यांपासून रक्षण करावयाचे आहे, आणि ते करताना तिची खरी स्थिती सर्वांना दिसेल अशी खाचही ठेवावयाची आहे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती एवढीच की, घरात जुनी खाकी विजार पडून असेल तर ती धुऊन शाळेच्या शिवणवर्गाकडे पाठवावी. चिंचोके आणण्याचे काम मुले आनंदाने करतील.